इंदूरच्या अकरा जणी आणि चावीवाले मांडवकर

सहदेव मांडवकरांनी एकतीस वर्षं ठाण्यात पाणी सोडलं. त्यांच्या हातात कमरेएवढी उंच लोखंडी चावी असायची. रस्त्यातलं झाकण उचलून ती खाली व्हॉल्वला लावायची आणि फिरवायची, की त्या गल्लीतल्या नळांना पाणी. कागदोपत्री त्यांच्या पदाचं नाव बरंच लांबलचक होतं, पण नौपाड्यापासून बाळकुमपर्यंत सगळे त्यांना चावीवाले मांडवकर म्हणत.

काम पहाटे साडेचारला सुरू व्हायचं. पाणी आलं की सगळ्यांत आधी जाग यायची ती स्वयंपाकघरांना. कोणत्या हॉटेलात मटकीला रोज नवे मोड येतात, कोण वाटण त्याच दिवशी वाटतं, कोण कालच्या तेलात आजचे वडे तळतं, हे मांडवकरांना गिऱ्हाइकांच्या आधी कळे. मागच्या दाराने चहा मिळे, कधी गरम घावन मिळे. असं एकतीस वर्षं चाललं. मग दोन वर्षांपूर्वी सत्कार झाला, शाल-श्रीफळ मिळालं आणि मांडवकर बाळकुमच्या आपल्या घरी बसले. सवयीने पहाटे चारला उठत आणि घरातल्या घरात फेऱ्या मारत. बायको शेवंती म्हणायची, "अहो, निदान दिवा तरी लावू नका."

त्यांची मुलगी रसिका घोडबंदर रोडवरच्या एका हॉटेलात रिसेप्शनला आहे. तिथे शनिवार-रविवारी बाहेरगावचे लोक येतात. कोणाचं लग्न असतं, कोणाची मुलाखत, कोणी नुसतेच फिरायला आलेले. ते विचारत, "इथे बघण्यासारखं काय आहे?" रसिका मॉलची नावं सांगायची. एका शनिवारी हुबळीचं एक म्हातारं जोडपं समोर उभं राहिलं. आजोबा म्हणाले, "मॉल आमच्याकडेही आहे, बेटा." रसिकाने मोबाइल काढला. तिने बाबांना फोन लावला आणि स्पीकर चालू करून काउंटरवर ठेवला.

मांडवकर चाळीस मिनिटं बोलले. उपवन तलावावर सकाळी सात वाजता कोणत्या बाजूने चालायचं, म्हणजे डोंगर समोर राहतो आणि ऊन पाठीवर. मासुंदा तलावाला गेलात तर कोपिनेश्वरात आधी जा, शिवपिंड बघून घ्या, एवढी मोठी सहसा दिसत नाही. मग तलावाच्या काठाने हळूहळू या, म्हणजे नाश्त्याच्या वेळेपर्यंत भूक बरोबर लागते. कुठे काय खायचं, कुठे काय मागायचं नाही, आणि कुठे मागितलं तरी दहाच्या आत मागायचं.

त्या संध्याकाळी हुबळीचे आजोबा परत आले आणि रसिकाला म्हणाले, "तुझ्या बाबांना सांग, आम्ही दुसऱ्यांदा मागितलं."

दर आठवड्याला फोन यायला लागले. हॉटेलचा मॅनेजर ऋतुराज हुशार माणूस. तो महिनाभरात म्हणाला, "काका, फोनवर कशाला, शनिवारी सकाळी इथेच या ना." लॉबीत खिडकीजवळ त्यांच्यासाठी एक खुर्ची ठेवली. मांडवकर इस्त्रीचा शर्ट घालून तिथे बसत. कोणी नुसता पत्ता विचारला तर उठून त्याच्याबरोबर निघत. घरी आल्यावर शेवंतीला सगळं सांगत. कोण कुठून आलेलं, कोणी काय खाल्लं, कोणाला तिखट लागलं. दोन वर्षांत त्यांनी इतकं बोललेलं शेवंतीने ऐकलं नव्हतं.

मग डिसेंबरात इंदूरहून फोन आला.

"काका, मी क्षिप्रा तारे बोलतेय. हॉटेलातून तुमचा नंबर मिळाला. रविवारी संध्याकाळी कल्याणला आमच्या घरचं लग्न आहे. आम्ही अकरा जणी दोन दिवस आधी येतोय. मुंबई सगळ्यांनी बघितलेली आहे, तिकडे जायचं नाही. तुम्हीच ठरवा. फक्त एक सांगून ठेवते, खाण्याच्या बाबतीत आम्ही जरा त्रासदायक आहोत."

"म्हणजे पथ्य वगैरे?"

"पथ्य नाही हो. आम्ही इंदूरच्या आहोत. आम्हाला लवकर काही आवडत नाही."

मांडवकरांनी फोन ठेवला आणि ते शेवंतीकडे बघून हसले. "अगं, परीक्षा आली," ते म्हणाले. त्यांना इतका आनंद झाला होता की त्यांनी त्या दिवशी दोनदा दाढी केली.

आठवडाभर त्यांनी बेत आखला. शनिवारी सकाळी नौपाड्यात नाश्ता, तिथून पायीच तलाव आणि देऊळ, दुपारी बाळकुमला जेवण, संध्याकाळी खाडी. रविवारी डोंबिवलीवरून शहाडचं देऊळ आणि कल्याणचा दुर्गाडी किल्ला. प्रत्येक ठिकाणी ते आधी स्वतः गेले, खाऊन बघितलं, वेळ मोजली. शेवंतीने तो कागद वाचला आणि एवढंच म्हणाली, "अकरा बायका आहेत. त्यांना मध्ये कुठे जायचं झालं तर? तुमच्या कागदावर सगळं खायचंच आहे."

मांडवकर खजील झाले. खरोखरच त्यांना ते सुचलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी ते नाश्त्याच्या जागेसमोरच्या वाचनालयाच्या बाईंशी आणि एका ओळखीच्या मंगल कार्यालयात बोलून आले.

आणि गुरुवारी दुपारी राजरत्नचा फोन आला. राजरत्न म्हणजे त्यांच्या जागी आलेला तरुण चावीवाला. निवृत्तीच्या आधी सहा महिने त्यांनीच त्याला शिकवलं होतं.

"काका, बातमी वाचली का? शुक्रवारी रात्री बारापासून शनिवारी रात्री बारापर्यंत शटडाउन आहे. मोठ्या लाइनीचं काम. अर्ध्या शहराला पाणी नाही."

मांडवकर खुर्चीत बसले. नौपाड्यातलं नाश्त्याचं ठिकाण म्हणजे कादंबरी फणसेंचं छोटं उपाहारगृह. सहा टेबलं, आणि गच्चीवर एक लहानशी टाकी, जी रोज सकाळी भरते आणि दुपारी रिकामी होते. पाणी नाही म्हणजे भांडी नाहीत, चहा नाही, काही नाही. वाचनालयातही तेच.

शेवंती म्हणाली, "त्यांना कळवून टाका. काहीतरी मॉलमध्ये..."

"थांब," मांडवकर म्हणाले.

त्यांनी जुन्या कॅलेंडरची मागची कोरी बाजू काढली आणि पेन्सिलीने रेघा मारायला लागले. ठाण्याला पाणी एका जागेहून येत नाही, तीन-चार ठिकाणांहून येतं. कोणती टाकी कोणत्या लाइनीवर आहे, कुठली गल्ली दोन लाइनींच्या मध्ये आहे, हे सगळं त्यांच्या डोक्यात होतं. तासाभराने त्यांनी राजरत्नला फोन लावला.

"अरे, फणसेबाईंच्या गल्लीच्या तोंडाशी एक जोडव्हॉल्व आहे. तो उघडला की ती गल्ली दुसऱ्या टाकीवर जाते. तिथे दवाखाना आहे, वाचनालय आहे. साहेबांना विचार, शटडाउनमध्ये तो उघडायचाच असतो."

साहेबांनी होकार दिला. त्यांच्या यादीत तो व्हॉल्व होताच. राजरत्न शनिवारी सकाळी सहाला तो उघडेल, असं ठरलं. कादंबरीबाईंनी गुरुवारीच मटकी भिजवली होती, शुक्रवारी तिला मोडही आले. मांडवकरांचा बेत जसाच्या तसा उभा राहिला, आणि आता तर त्यांना त्याची दुप्पट मजा वाटायला लागली.

शनिवारी सकाळी साडेसातला ते हॉटेलच्या दारात उभे होते. मिनीबसमध्ये एकेक जणी चढली. सगळ्यांत वडील सरोजकाकू, अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या, पायात पांढरे बूट आणि हातात काठी. त्यांनी मांडवकरांना आपादमस्तक न्याहाळलं.

"तुम्ही गाइड का?"

"नाही हो. मी पाणी सोडायचो."

"बरं आहे मग," सरोजकाकू म्हणाल्या. "गाइड फार बोलतात."

नौपाड्यात बस रस्त्यालाच थांबली आणि सगळ्या गल्लीत शिरल्या. उपाहारगृहाचं शटर अर्ध्यावर होतं. कादंबरीबाई बाहेर कमरेवर हात ठेवून उभ्या होत्या. आणि गल्लीच्या तोंडाशी राजरत्न गुडघ्यांवर बसून पहारीने रस्ता ठोकत होता.

"काका, पाणी नाही," कादंबरीबाई म्हणाल्या. "मिसळीचा कट तयार आहे, मटकी तयार आहे, पण हंडाभरही पाणी नाही माझ्याकडे."

राजरत्न घामाघूम होऊन उठला. "काका, दोन तास झाले. आत्ता सापडेल म्हणून तुम्हाला फोनही केला नाही. झाकणच सापडत नाही. पावसाळ्यानंतर इथे सगळे नवे ब्लॉक बसवलेत. कोणीतरी झाकणावरच बसवलेत. तुम्ही दाखवलेलं मला आठवतंय, इथे औषधाचं दुकान होतं ना? ती इमारतच पाडली."

याच आठवड्यात मांडवकर इथे खाऊन गेले होते, पण झाकण शोधायच्या नजरेने त्यांनी गल्लीकडे आत्ताच बघितलं. खरंच, काहीच जुनं उरलं नव्हतं. औषधाचं दुकान गेलं होतं, त्याची पायरी गेली होती, कोपऱ्यावरची पोस्टाची लाल पेटी गेली होती. नव्या इमारतीचं कुंपण चार फूट मागे सरकलं होतं. पाठीमागे अकरा बायका नाश्त्याविना उभ्या होत्या. क्षिप्रा घड्याळ बघत होती.

मांडवकरांनी डोळे मिटले. मग ते वळले.

"सरोजकाकू, तुम्ही जरा इथे येता? इथे. अजून थोडं मागे. हां. आता हलू नका. तुम्ही औषधाचं दुकान."

सरोजकाकूंनी काठी रोवली. "झाले," त्या म्हणाल्या.

"क्षिप्राताई, तुम्ही त्या विजेच्या खांबाच्या अलीकडे दोन पावलं. तुम्ही पोस्टाची पेटी. आणि तुम्ही, हिरव्या साडीतल्या ताई, समोर त्या बकुळीच्या बुंध्याला पाठ लावून उभ्या राहा. बकुळ तेवढी अजून आहे."

तिघी उभ्या राहिल्या. बाकीच्या आठ जणींना आता भुकेचा विसर पडला होता. मांडवकरांनी सरोजकाकूंच्या बुटांपाशी टाच टेकवली आणि बकुळीच्या दिशेने चार पावलं मोजली. मग पोस्टाच्या पेटीकडे तोंड करून दीड. तिथे थांबले, खाली बसले आणि राजरत्नकडून पहार घेऊन हलकेच तीनदा ठोकली. मग एक ब्लॉक सोडून पुन्हा ठोकली. आवाज बदलला. पहिला भरीव होता, दुसरा पोकळ.

"हा काढ," ते म्हणाले. "आणि याच्या शेजारचे दोन."

राजरत्नने तीन ब्लॉक उपसले. खाली वाळू होती. वाळू हाताने बाजूला केली, तर गंजलेल्या झाकणाची कड दिसली. गल्लीतल्या खिडक्या एव्हाना उघडल्या होत्या. कोणीतरी वरून ओरडलं, "अरे, मांडवकर आलेत." दोन-तीन माणसं लेंग्यावरच खाली उतरली.

झाकण उचललं. राजरत्नने चावी आत घातली आणि मग थांबून म्हणाला, "काका, हात लावता का?"

"तुझी चावी आहे," मांडवकर म्हणाले. "तूच फिरव. बावीस आटे आहेत. सहाव्याला अडकेल. तिथे जोर करू नको, अर्धा उलटा घे आणि मग पुढे."

राजरत्नने फिरवायला सुरुवात केली. हिरव्या साडीतल्या ताईंनी बकुळीपासूनच मोजलं, "एक." दुसऱ्याला आणखी दोघी सामील झाल्या. पाचव्यापर्यंत अकराही जणी एका सुरात मोजत होत्या. सहाव्याला चावी खरंच अडकली. मोजणं थांबलं. राजरत्नने अर्धा आटा उलटा घेतला, पुन्हा पुढे रेटला, आणि चावी सुटली. सात, आठ, नऊ. चौदाव्याला जमिनीखालून घरघर ऐकू आली.

"हे काय वाजतंय?" क्षिप्राने विचारलं.

"पाणी," मांडवकर म्हणाले. "आधी हवा पळते, तिचा आवाज. या इकडे, तळवा ठेवा."

क्षिप्रा रस्त्यावर बसली आणि झाकणाच्या शेजारी तिने हात टेकवला. जमीन थरथरत होती. तिच्या चेहऱ्यावर असं काही आलं की बाकीच्याही एकेक करून खाली बसल्या. सरोजकाकू म्हणाल्या, "मी औषधाचं दुकान आहे, मला हलता येत नाही, कोणीतरी सांगा मला काय होतंय." तेव्हा मांडवकरांनी त्यांना हाताला धरून जवळ आणलं. त्यांनी काठीचं टोक जमिनीला लावलं आणि वरच्या मुठीवर कान ठेवला. बराच वेळ त्या तशाच वाकून ऐकत राहिल्या.

कादंबरीबाईंच्या मोरीतला नळ आधी फुरफुरला, मग लाल पाणी आलं. मांडवकर रस्त्यावरूनच म्हणाले, "पहिलं लाल जाऊ द्या, त्याने झाडं शिंपा." दोन मिनिटांत पाणी स्वच्छ झालं. शटर पूर्ण वर गेलं.

पुढचा एक तास त्या सहा टेबलांवर जे चाललं, ते कादंबरीबाई अजून सांगतात. मिसळ आली. तिच्यावर बारीक कांदा, लिंबाची फोड, आणि कट वेगळ्या वाटीत, कारण मांडवकरांनी तसं बजावलं होतं. त्यांनी सगळ्यांना सांगितलं, "कट एकदम ओतू नका. थोडा घ्या, खा, मग थोडा घ्या. शेवटचे चार घास सगळ्यांत चांगले लागले पाहिजेत." मग कोथिंबीर वडी आली, बाहेरून कडक, आत मऊ. मग साबुदाणा वडा, मग पियूष. इंदूरच्या बायका आधी एकमेकींकडे बघत हळूहळू खात होत्या. मग बोलणं बंद झालं. मग पुन्हा बोलणं सुरू झालं, ते दुसरी मिसळ मागवण्याबद्दल.

सरोजकाकूंनी वाटी पुसून घेतली. "इंदूरला असं मिळत नाही," त्या म्हणाल्या, "हे मी इंदूरला गेल्यावर कबूल करणार नाही. पण मिळत नाही."

बाहेर पडताना क्षिप्रा मांडवकरांच्या जवळ आली आणि काहीतरी विचारायला अडखळली. तिने विचारायच्या आतच ते म्हणाले, "समोर वाचनालय आहे. आता तिथे पाणी आलंय. बाईंशी बोलून ठेवलंय, आत जा." क्षिप्राने विचारलं, "काका, हे कसं सुचलं तुम्हाला?"

"मला नाही सुचलं," मांडवकर म्हणाले. "आमच्या घरून सांगितलेलं."

तलाव झाला, कोपिनेश्वर झालं. देवळाच्या गारव्यात सगळ्या जणी अर्धा तास बसल्या. दुपारी बाळकुमला आल्या. तिथे आता उंच उंच इमारती आहेत, पण त्यांच्या मधोमध जुन्या गावठाणात रतन पाटलांचं घर आहे. रतन ही शेवंतीची मैत्रीण, आगरी बाई, तिच्या हातची तांदळाची भाकरी पापुद्र्यासारखी पातळ. पाणी जाणार हे मांडवकरांनी सांगितल्यामुळे तिने शुक्रवारीच पिंपं भरून ठेवली होती. सात जणी मासे खाणाऱ्या, त्यांना बोंबील आणि जवळा. चौघी न खाणाऱ्या, त्यांना वालाचं बिरडं. एकीने तिसऱ्या भाकरीला नको म्हटलं, तर रतन म्हणाली, "जेव गो बाय, लाजतेस कनाला?" आणि भाकरी ताटात पडली. न खाणाऱ्यांतल्या एकीने जवळ्याचा वास घेतला, इकडेतिकडे बघितलं आणि चिमूटभर चाखला. हे कोणी बघितलं नाही असं तिला वाटलं.

शेवंती वाढायला आली होती. सरोजकाकूंनी तिला आपल्या शेजारी बसवून घेतलं.

"तू उद्या येतेस ना आमच्याबरोबर?"

"मी कशाला? हे आहेत ना."

"शहाडचं देऊळ बघितलंयस?"

शेवंती ओशाळली. लग्न होऊन ती ठाण्यात आली, त्याला चौतीस वर्षं झाली होती. शहाड तर राहूच द्या, उपवनसुद्धा तिने रिक्षातून जाताना पाहिलेलं. नवरा पहाटे चारला जायचा, दुपारी येऊन झोपायचा, सुट्टीच्या दिवशी कुठलीतरी लाइन फुटायची. ती म्हणाली, "नाही बघितलं."

मांडवकर भाकरीचं टोपलं हातात घेऊन उभे होते. त्यांना हे माहीत नव्हतं असं नाही. पण चौतीस वर्षांत ते कोणी असं मोठ्याने बोललं नव्हतं. टोपलं खाली ठेवून ते म्हणाले, "येतेय ती. उद्या बसमध्ये पहिली सीट तिची."

रविवारी शेवंतीने ठेवणीतली निळी साडी नेसली. बस डोंबिवलीला फडके रोडजवळ थांबली. गणपतीचं दर्शन झालं, मग एका छोट्या जागी थालीपीठ आणि लोण्याचा गोळा. मांडवकर पुढच्या जागेबद्दल काही सांगत होते, पण कोणाचं लक्ष नव्हतं. सगळ्या जणी शेवंतीच्या भोवती होत्या. तिने थालीपिठाचा तुकडा मोडून बघितला होता आणि शांतपणे म्हणाली होती, "भाजणीत धणे जास्त झालेत. तुम्ही संध्याकाळी लग्नाच्या धावपळीत असाल, नाहीतर मी करून घातलं असतं."

सरोजकाकू मांडवकरांना म्हणाल्या, "दोन दिवस आम्हाला चुकीचा माणूस मिळाला होता."

शहाडला ते कोरीव दगडी देऊळ उन्हात उभं होतं. बाकीच्या मंडपात फोटो काढत होत्या. शेवंती एका खांबापाशी गेली आणि त्यावरच्या नक्षीवरून बोट फिरवत राहिली. वेल, फूल, पुन्हा वेल. मांडवकर तिच्या मागे जाऊन उभे राहिले. त्यांना नेहमीप्रमाणे माहिती सांगायची होती, पण ते तिचं बोट कुठे जातं तेच बघत राहिले.

"अहो," ती मागे न बघता म्हणाली, "एवढं होतं इथे आणि आपण बाळकुमातच?"

"हो," मांडवकर म्हणाले. "चुकलंच माझं."

"आता चुकू नका म्हणजे झालं. दुर्गाडीवरून खाडी दिसते ना? चला, त्या बायका निघाल्या."

दुर्गाडीच्या पायऱ्या सरोजकाकूंनी काठीने आणि शेवंतीच्या खांद्याच्या आधाराने चढल्या. वर वारा होता. खाडीचं पाणी चकाकत होतं, पुलावरून गाड्या जात होत्या. संध्याकाळी कल्याणच्या लग्नात मांडवकर पती-पत्नींना मुलीकडच्या रांगेत बसवलं आणि लग्नाला आलेल्या पाहुण्यांना राजरत्नची, व्हॉल्वची आणि बावीस आट्यांची गोष्ट पाच वेगवेगळ्या जणींच्या तोंडून ऐकायला मिळाली. प्रत्येक वेळी आटे वाढत होते.

आता दर शनिवारी मांडवकर आणि शेवंती दोघंही हॉटेलात जातात. ऋतुराजने दुसरी खुर्ची ठेवली आहे. कुठे जायचं ते मांडवकर सांगतात, काय खायचं ते शेवंती. दोघांचं एकमत होत नाही, आणि पाहुणे आनंदाने ऐकत बसतात. रविवारी राजरत्न सुट्टी असली की वही घेऊन येतो. मांडवकर त्याला गल्लीगल्लीतून फिरवतात, कुठल्या ब्लॉकखाली कुठलं झाकण आहे ते दाखवतात, तो नकाशा काढतो आणि शेवटी शेवंतीसकट तिघं मिळून कुठेतरी खातात. परवा कोपरीत त्यांना एक नवं ठिकाण सापडलं. तिथल्या अळूवडीवर शेवंतीने काहीच दोष काढला नाही. मांडवकरांनी घाईघाईने पत्ता लिहून घेतला. जानेवारीत क्षिप्रा पुन्हा येतेय, आणि या वेळची तुकडी एकोणीस जणींची आहे.